ख्रिस्ती श्रद्धेतील दैवी प्रकाशाचा अर्थ कसा अभ्यासावा

‘देव प्रकाश आहे’ हे वचन ख्रिस्ती उपासनेत वारंवार ऐकू येते. त्याचा अर्थ विचारला, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे संतांच्या चित्रांतील तेजोवलय, ढगांतून उतरणारे किरण किंवा प्रार्थनेच्या वेळी कोणाला तरी दिसलेली झळाळी उभी राहते. या चित्रांत दोष काढण्याचे कारण नाही. परंतु अभ्यासाचा आरंभ तेथून केला, तर प्रकाशाविषयीची बरीच महत्त्वाची वचने नजरेआड होतात. पवित्र शास्त्रात प्रकाश स्वतः कसा दिसत होता याचे वर्णन फार थोडे आहे. तो पडल्यावर काय दिसू लागले, याविषयी मात्र पानोपानी सांगितलेले आहे. ‘तुझ्या प्रकाशाने आम्हांला प्रकाश दिसतो’ असे छत्तिसाव्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता म्हणतो, तेव्हा तो पाहण्याच्या एखाद्या वस्तूविषयी बोलत नसून ज्याच्यामुळे पाहणे शक्य होते त्याच्याविषयी बोलत आहे. पुढील मार्गदर्शन याच समजुतीवर आधारलेले आहे. त्यासाठी संपूर्ण बायबल, एक वही आणि काही आठवडे टिकेल एवढा सबुरीचा स्वभाव पुरेसा आहे.

सुरुवात कोठून करावी

शब्दसूची उघडून ‘प्रकाश’ या शब्दाखालील सगळी वचने ओळीने वाचण्याचा मोह होतो. असे वाचन केल्यास उत्पत्तीतील प्रकाश, स्तोत्रांतील दिवा आणि प्रकटीकरणातील नगर यांची एकच खिचडी होते आणि शेवटी हाती ‘प्रकाश म्हणजे चांगुलपणा’ यासारखे गुळगुळीत उत्तर उरते. त्याऐवजी योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय आणि दुसऱ्या अध्यायाची पहिली अकरा वचने प्रथम वाचावीत. देव प्रकाश आहे आणि त्याच्या ठायी मुळीच अंधार नाही, हे विधान तेथेच आहे. आणि त्या विधानाची परीक्षा कशी करावी हेही थोड्याच वचनांनंतर तेथेच सांगितले आहे. आपण प्रकाशात आहोत असे म्हणून जो आपल्या बंधूचा द्वेष करतो, तो अजून अंधारातच आहे, असे ते पत्र स्पष्ट बजावते. देवाच्या स्वरूपाविषयीचे एवढे उंच विधान आणि शेजारच्या माणसाशी असलेले वागणे यांमध्ये हा लेखक फारसे अंतर ठेवत नाही, ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, कारण पुढे भेटणाऱ्या अनेक मोठमोठ्या सिद्धान्तांना हीच कसोटी लावावी लागणार आहे.

त्यानंतर उत्पत्ती, निर्गम, यशया, योहानाचे शुभवर्तमान, प्रेषितांची कृत्ये आणि शेवटी प्रकटीकरण असा क्रम ठेवावा. प्रत्येक उताऱ्याला तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे एकेका वाक्यात लिहावीत. हा प्रकाश कोणाचा आहे, तो पडल्यावर पूर्वी न दिसणारे असे काय दिसले, आणि ते दिसल्यावर त्या माणसाने काय केले?

हे प्रश्न कसे चालवावेत याचा नमुना म्हणून येशूच्या अनुयायांना पकडायला निघालेल्या शौलाला, म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाला, दिमिष्काच्या वाटेवर घडलेला प्रसंग घ्यावा. तो प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या, बाविसाव्या आणि सव्विसाव्या अशा तीन अध्यायांत येतो. सव्विसाव्या अध्यायात तो प्रकाश सूर्याच्या तेजाहून अधिक होता असे सांगितले आहे. घाईने वाचणारा तेथेच थांबतो. बाविसाव्या अध्यायातील तपशील त्याहून बोलका आहे. शौलाच्या सोबत्यांनाही तो प्रकाश दिसला होता, परंतु त्याच्याशी बोलणाऱ्याची वाणी त्यांना उमगली नाही. म्हणजे डोळ्यांना झळाळी दिसणे हे त्या घटनेचे मर्म असते, तर सगळेच सोबती प्रेषित झाले असते. शौलाला स्वतःला तर त्यानंतर तीन दिवस काहीच दिसत नव्हते. त्याला जे ‘दिसले’ ते एका प्रश्नातून दिसले: ‘तू माझा छळ का करतोस?’ आपण ज्यांना पकडून नेणार आहोत त्या माणसांच्या ठिकाणी प्रत्यक्ष येशू उभा आहे, हे त्याला तोवर ठाऊक नव्हते. त्यानंतर त्याने काय केले, तर दुसऱ्याच्या हाताला धरून तो नगरात गेला, ज्यांचा छळ करायला निघाला होता त्यांच्यापैकीच एक असलेल्या हनन्याचे हात त्याने आपल्यावर ठेवू दिले आणि बाप्तिस्मा घेतला. तिन्ही प्रश्नांची अशी उत्तरे मिळाली की उतारा नीट वाचला गेला असे समजावे.

निर्माण केलेला प्रकाश आणि निर्माता

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ‘प्रकाश होवो’ ही देवाची पहिली आज्ञा आहे, आणि सूर्य, चंद्र व तारे चौथ्या दिवशी निर्माण होतात. हा क्रम पाहून अनेक जण लगेच विज्ञानाशी मेळ घालू लागतात. त्या वादात येथे शिरू नये. अभ्यासकाने दुसरी गोष्ट टिपावी. ज्या काळी आजूबाजूच्या राष्ट्रांत सूर्य आणि चंद्र हे देव मानले जात, त्या काळच्या वाचकांसाठी हा लेखक त्यांची नावेही घेत नाही; एक मोठी ज्योती आणि एक लहान ज्योती एवढेच म्हणतो आणि त्यांना दिवस, ऋतू व वर्षे दाखवण्याचे काम नेमून देतो. प्रकाश चांगला आहे, पण तो निर्माण केलेला आहे, आणि म्हणून त्याची पूजा होऊ शकत नाही. ‘देव प्रकाश आहे’ या वचनाचा अर्थ ‘प्रकाश देव आहे’ असा उलटा लावता येत नाही, हे या अध्यायातून पक्के करून घ्यावे.

दुसरे भान अंधाराविषयी हवे. प्रकाश आणि अंधार या दोन सारख्याच बळाच्या, अनादी शक्ती असून जग हे त्यांचे रणांगण आहे, ही शिकवण तिसऱ्या शतकात मानी या धर्मसंस्थापकाने पसरवली. पुढे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारांचा मोठा आधार ठरलेला ऑगस्टीन (354 ते 430) तरुणपणी सुमारे नऊ वर्षे याच पंथाच्या श्रोत्यांत होता. ख्रिस्ती मंडळीने ही शिकवण नाकारली, कारण प्रकाश मी निर्माण करतो आणि अंधारही मीच उत्पन्न करतो, असे यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो. योहानाच्या लेखनात प्रकाश व अंधार यांचा सामना जागोजागी येतो, पण अंधाराला तेथे स्वतःचे राज्य नाही; तो प्रकाश नाकारण्यातून येतो. आजही पुष्कळ प्रवचने नकळत मानीच्या बाजूला झुकतात, असे माझे मत आहे. सैतानाच्या सामर्थ्याचे वर्णन ख्रिस्ताच्या कार्याहून अधिक रंगवले गेले, की हा झुकाव ओळखावा.

मेघ, तेज आणि दोन प्रकारचा अंधार

निर्गमाच्या पुस्तकात प्रकाशाचे प्रसंग दाटीने येतात: जळूनही भस्म न होणारे झुडूप, रात्री वाट दाखवणारा अग्निस्तंभ, आणि सिनाय पर्वतावरून खाली उतरताना तेजाळलेला मोशेचा चेहरा. या शेवटच्या प्रसंगात एक वाक्य सहज निसटते, ते अधोरेखित करावे. आपला चेहरा तेजस्वी झाला आहे हे मोशेला ठाऊक नव्हते. इतरांना ते दिसले आणि ते घाबरले. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा आणि चौथा अध्याय याच प्रसंगाचा आधार घेऊन पुढे जातो, आणि ‘अंधारातून प्रकाश होवो’ असे म्हणणारा देवच येशू ख्रिस्ताच्या मुखावरील आपल्या गौरवाचे ज्ञान देण्यासाठी आमच्या अंतःकरणात प्रकाशला आहे, अशा अर्थाच्या विधानापाशी येतो. उत्पत्ती, निर्गम आणि शुभवर्तमान एकाच श्लोकात एकत्र आलेले असे स्थळ दुसरे मिळणे कठीण. ते तोंडपाठ करावे.

येथपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि मग अडचण उभी राहते. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात लोक दूर उभे राहतात आणि मोशे दाट अंधाराकडे जातो, कारण देव तेथे आहे. मंदिराच्या समर्पणाच्या वेळी शलमोनही म्हणतो की परमेश्वर निबिड अंधकारात राहतो. देवाच्या ठायी मुळीच अंधार नाही, असे योहान म्हणतो, मग हे कसे? अशा वेळी वचने ओढूनताणून जुळवण्याऐवजी अंधार हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो हे ओळखावे. एक अंधार खोटेपणाचा, द्वेषाचा, लपण्याचा आहे. तो देवात नाही. दुसरा अंधार आपल्या आकलनाच्या मर्यादेचा आहे. देव जितका जवळ येतो तितका तो आपल्या कल्पनांत मावेनासा होतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव ‘अगम्य प्रकाशात’ राहतो असे म्हटले आहे, आणि तेथे प्रकाशच इतका आहे की जवळ जाता येत नाही. वहीत प्रत्येक अंधाराच्या उल्लेखापुढे तो कोणत्या प्रकारचा, हे लिहून ठेवल्यास पुढचा बराच घोळ टळतो.

हा दुसरा अंधार ख्रिस्ती परंपरेने आदराने जपला आहे. चौथ्या शतकातील निस्साचा ग्रेगरी मोशेच्या जीवनावर लिहिताना त्याचा प्रवास झुडपाच्या प्रकाशापासून मेघाकडे आणि मेघापासून अंधाराकडे जातो असे दाखवतो. म्हणजे त्याच्या मते पुढे जाणाऱ्या भक्ताला आरंभी अधिक स्पष्ट दिसते आणि नंतर आपल्याला किती थोडे समजते हे समजते. स्पेनमधील क्रूसभक्त योहान (1542 ते 1591) याने आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले, की दैवी प्रकाश अतिशय प्रखर असल्यामुळेच अशक्त आत्म्याला तो अंधारासारखा भासतो. येशू डोंगरावर शिष्यांसमोर तेजस्वी झाला त्या प्रसंगाला ‘रूपांतर’ म्हणतात; पूर्वेकडील मंडळ्यांतील या रूपांतराच्या अनेक आयकॉनांत, म्हणजे पवित्र चित्रांत, त्याच्याभोवतीचे वलय मध्याकडे फिके न होता अधिक गडद होत जाते; चित्रकाराची ही चूक नव्हे, तो हीच शिकवण रंगात मांडत असतो. प्रार्थना कोरडी वाटू लागली, पूर्वीचा आनंद ओसरला, म्हणजे देवाने प्रकाश काढून घेतला असा निष्कर्ष लगेच काढू नये, एवढा व्यवहारी उपयोग या शिकवणीचा नक्कीच आहे. मात्र दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, झोप उडणे किंवा जगण्याचा वीट येणे यांना ‘अंधारी रात्र’ असे सुंदर नाव देऊन उपचार टाळणे घातक आहे.

योहानाचे शुभवर्तमान सावकाश वाचावे

सगळ्या अभ्यासातील सर्वांत अधिक वेळ येथे द्यावा. पहिल्या अध्यायात वचन, जीवन आणि प्रकाश यांचा एकमेकांशी संबंध जोडलेला आहे, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी मुद्दाम सांगितले आहे की तो स्वतः प्रकाश नव्हता, प्रकाशाविषयी साक्ष देण्यासाठी आला होता. त्यानंतर कथेतील वेळेकडे लक्ष ठेवून पुढे वाचावे. निकदेम येशूकडे रात्री येतो. येशूला धरून देणारा यहूदा भोजनावरून उठून बाहेर जातो, तेव्हा ‘रात्र होती’ असे छोटेसे वाक्य येते. येशूला धरायला आलेली टोळी दिवे आणि मशाली घेऊन येते. जगाच्या प्रकाशाला शोधण्यासाठी आणलेल्या त्या मशालींवर सुवार्तिक एक शब्दही अधिक बोलत नाही. निकदेमाला मात्र सोडून देऊ नये: सातव्या अध्यायात तो येशूची बाजू घेऊन काही बोलतो, आणि एकोणिसाव्या अध्यायात येशूच्या देहासाठी सुगंधद्रव्ये घेऊन येतो. प्रकाशाकडे येण्यास कोणाला किती वेळ लागतो, याचे हे एक प्रामाणिक चित्र आहे.

तिसऱ्या अध्यायातील एकोणीस ते एकवीस ही वचने न्यायाविषयी आहेत आणि ती कठोर आहेत. प्रकाश जगात आला, पण माणसांना अंधार अधिक प्रिय वाटला, कारण त्यांची कृत्ये वाईट होती. येथे न्याय म्हणजे कोणी बाहेरून ठोठावलेली शिक्षा अशी कल्पना पुढे येत नाही. प्रकाश आल्यावर कोण कोणत्या बाजूला सरकतो, यातच न्याय घडतो. उजेडात आपली कृत्ये उघडी पडतील ही भीती जाणवल्याशिवाय हा उतारा वाचून झाला असे समजू नये.

‘मीच जगाचा प्रकाश आहे’ हे वाक्य आठव्या अध्यायात येते, आणि ते सुटे वाचण्याची सवय घातक आहे. सातव्या अध्यायापासून मंडपांच्या सणाची पार्श्वभूमी आहे. या सणात मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याच्या उंच दीपवृक्षांवर दिवे पेटवले जात आणि त्यांच्या उजेडाने यरुशलेमेतील एकही अंगण उजळल्यावाचून राहत नसे, असे मिश्ना या यहुदी ग्रंथात सांगितले आहे. रानातील अग्निस्तंभाची आठवण जागवणाऱ्या सणात येशू हे म्हणतो, आणि लगेच ‘जो मला अनुसरतो’ असे शब्द जोडतो; स्तंभाच्या मागे चालावे लागत असे, त्याच्याकडे बघत बसून भागत नसे. आणखी एक बारकावा आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत या जागी आढळत नाही. तो क्षणभर बाजूला ठेवून सातव्या अध्यायाचे बावन्नावे वचन आणि आठव्याचे बारावे वचन लागोपाठ वाचावे. गालीलातून संदेष्टा उद्भवत नाही, शोधून पाहा, असे परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, म्हणतात. आणि येशू म्हणतो, मी जगाचा प्रकाश आहे. आता यशयाचा नववा अध्याय उघडावा. अंधकारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, असे जेथे म्हटले आहे तेथे प्रदेशाचे नाव गालील असेच आहे. शास्त्र शोधायला सांगणाऱ्यांनीच ते शोधलेले नव्हते.

नवव्या अध्यायातील जन्मांध माणसाची गोष्ट म्हणजे आठव्या अध्यायातील वाक्याचे प्रात्यक्षिक. त्याचे डोळे एकदाच उघडतात, पण येशू कोण हे त्याला टप्प्याटप्प्याने दिसते. प्रथम तो ‘येशू नावाचा मनुष्य’ म्हणतो, मग ‘संदेष्टा’, मग देवापासून आलेला, आणि शेवटी ‘प्रभू, मी विश्वास ठेवतो’ असे म्हणून त्याला नमन करतो. त्याच अध्यायात परूश्यांचा प्रवास उलट दिशेने होतो. ज्यांना सगळे आधीच दिसत असते ते शेवटी आंधळे ठरतात. या अध्यायासाठी तिन्ही प्रश्नांची उत्तरे दोनदा लिहावीत, एकदा त्या माणसाच्या बाजूने आणि एकदा परूश्यांच्या बाजूने. आपण कोणत्या यादीत बसतो हे ठरवण्याची घाई करू नये. बहुधा थोडे थोडे दोन्हींत बसतो.

मतांगीकार आणि परंपरांतील भेद

इ.स. 325 मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मसभेने पुत्राविषयी ‘प्रकाशापासून प्रकाश’ असे शब्द वापरले, आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेशी जोडल्या जाणाऱ्या मतांगीकारातही, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीतही, ते कायम राहिले. आलेक्झांड्रियाचा आरियस हा पुत्र निर्माण केलेला आहे असे शिकवत होता, म्हणून हे शब्द आवश्यक झाले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात पुत्राला देवाच्या गौरवाचे तेज म्हटले आहे. त्या आधारे आरियसचा विरोधक, आलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने युक्तिवाद केला की सूर्य आहे आणि त्याचे तेज अजून उत्पन्न व्हायचे आहे, असा क्षण कल्पिता येत नाही, त्याचप्रमाणे पुत्रावाचून पिता असा काळ नव्हता. मतांगीकार म्हणताना या शब्दांपाशी क्षणभर थांबावे: येशूच्या ठिकाणी जो प्रकाश दिसतो तो दुय्यम प्रतीचा, उसना घेतलेला नाही, एवढे ते शब्द सांगतात.

येशूच्या रूपांतराच्या प्रसंगी शिष्यांना जो प्रकाश दिसला, तो निर्माण केलेला होता की देवाचाच, या प्रश्नावर चौदाव्या शतकात मोठा वाद झाला. शुभवर्तमानांत त्या डोंगराचे नाव नाही. परंपरा त्याला ताबोर मानते. ग्रीसमधील आथोस पर्वतावरील साधू अखंड येशूनामाची प्रार्थना करत आणि आपल्याला तोच ताबोरचा प्रकाश दिसतो असे म्हणत. कालाब्रियाहून आलेल्या बार्लामने त्यांची खिल्ली उडवली. त्यांच्यापैकीच एक असलेल्या ग्रेगरी पालामासने त्यांची बाजू मांडली. देवाचे स्वरूप कोणालाच गाठता येत नाही, पण त्याच्या क्रियाशक्ती खरोखर देवच आहेत आणि त्यांत माणसाला सहभागी होता येते, तो प्रकाश अशीच अनिर्मित क्रियाशक्ती आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. कॉन्स्टँटिनोपल येथील 1341 आणि 1351 च्या सभांनी ते स्वीकारले, आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही महाउपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी पालामासचे स्मरण करतात. पश्चिमेकडे तेराव्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनसने आधीच निराळी वाट घेतली होती. स्वर्गात संत देवाचे स्वरूपच पाहतील, पण त्यासाठी त्यांच्या बुद्धीला ‘गौरवाचा प्रकाश’ हे निर्माण केलेले सामर्थ्य दिले जाईल, असे त्याने शिकवले. या दोन मांडण्या एकाच वाक्यात कोंबू नयेत. हाती असलेले पुस्तक कोणत्या परंपरेतील आहे ते आधी पाहावे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या अनुयायांनी, म्हणजे क्वेकरांनी, प्रत्येक माणसाच्या अंतरातील प्रकाशावर भर दिला. तो अंतःप्रकाश म्हणजे मनाला सुखावणारी ऊब असा अर्थ आज पुष्कळदा केला जातो, परंतु आरंभीच्या क्वेकरांच्या लेखी तो सर्वप्रथम माणसाला त्याचे पाप दाखवत असे.

वाद समजून घ्यावा, पण लूकचा नववा अध्याय पुन्हा उघडण्यास विसरू नये. त्या तेजात मोशे आणि एलिया येशूशी यरुशलेमेत होणाऱ्या त्याच्या निर्गमनाविषयी, म्हणजे मरणाविषयी बोलत आहेत. पेत्राला तेथे मंडप उभारून राहायचे आहे. मेघातून आलेली वाणी मात्र ‘याचे ऐका’ असे म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी ते डोंगराखाली एका पीडित मुलापाशी असतात. प्रकाशाच्या स्वरूपावर शेकडो पाने लिहिणाऱ्यांनी या उतरणीवर इतके थोडे का लिहिले, याचे मला नवल वाटते.

उपासनेतून अर्थ कसा शिकावा

पुस्तकांतून न उलगडणारे बरेच काही पुनरुत्थानाच्या जागरणविधीत उलगडते, म्हणून शक्य असल्यास त्या रात्री संपूर्ण विधीला उपस्थित राहावे. रोमन विधीनुसार अंधारात नवा अग्नी पेटवतात, आल्फा व ओमेगा ही अक्षरे आणि चालू वर्षाचे अंक कोरलेली मोठी मेणबत्ती त्यावर लावतात, तीन वेळा थांबून ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ अशी घोषणा होते आणि लोक देवाचे आभार मानतात. त्यानंतरच्या वाचनांचा आरंभ उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाने होतो, आणि तांबड्या समुद्रातून पार जाण्याचे वाचन तर कधीच वगळता येत नाही. बाप्तिस्म्याची मेणबत्तीही याच मोठ्या मेणबत्तीवर लावली जाते. इ.स. 155 च्या सुमारास हुतात्मा जस्टिनने बाप्तिस्म्याच्या स्नानालाच ‘प्रकाशन’ म्हणतात असे लिहून ठेवले आहे; हा संबंध इतका जुना आहे.

2 फेब्रुवारीला, नाताळानंतर चाळिसाव्या दिवशी, येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणाला मेणबत्त्या आशीर्वादित करतात. त्या दिवशी मंदिरात बाळ येशूला हातांत घेणाऱ्या शिमोनाचे गीत वाचताना त्याचे पुढचे बोलही वाचावेत. बाळाला राष्ट्रांचा प्रकाश म्हटल्यावर लगेच तो मरीयेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल आणि पुष्कळांच्या अंतःकरणातील विचार उघडकीस येतील.

प्रकाश दिसल्याच्या दाव्यांची परीक्षा

कोणी सांगते, प्रार्थनेत मला प्रकाश दिसला; कोणी मरणाच्या दारातून परतल्यावर असेच सांगते. अशा कथनांची थट्टा करू नये आणि त्यांवर शिकवणही उभारू नये. सैतानही तेजस्वी दूताचे सोंग घेतो, असा इशारा पौलाने करिंथकरांना दिला आहे, आणि क्रूसभक्त योहानासारख्या अनुभवी मार्गदर्शकानेही दृष्टान्तांना चिकटून न राहण्याचाच सल्ला दिला. डोळ्यांचे विकार, अर्धशिशी, अपस्मार किंवा झोपेचा अभाव यांमुळेही झळाळी दिसू शकते. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यात अविश्वास नाही. त्यापलीकडे जे उरते त्याला तेच तीन प्रश्न विचारावेत. त्या अनुभवानंतर ज्याच्याशी बोलणे टाकले होते त्याच्याशी बोलणे सुरू झाले का? पैशाच्या व्यवहारातील एखादी लपवलेली गोष्ट उघड करावीशी वाटली का? डोंगरावरील प्रवचनात शिष्यांना जगाचा प्रकाश म्हटले आहे, पण त्याचा परिणाम म्हणून लोकांनी शिष्यांचा नव्हे तर स्वर्गातील पित्याचा गौरव करावा असे सांगितले आहे. ज्या प्रकाशाने सांगणाऱ्याचीच प्रतिष्ठा वाढते, तेथे सावध राहावे.

रोजच्या प्रार्थनेत हा अभ्यास उतरवण्यासाठी येशूसंघाचा संस्थापक लोयोलाचा इग्नाशियस याने घालून दिलेली दिवसाच्या शेवटच्या आत्मपरीक्षणाची रीत उपयोगी पडते. प्रथम देवाचे आभार मानावेत, मग आपली पापे ओळखता यावीत म्हणून कृपा मागावी, आणि त्यानंतरच दिवसाकडे वळून पाहावे. हा क्रम बदलू नये. कृपा मागण्याआधीच हिशेब मांडू लागले, तर आपण स्वतःला एक तर फार सोडून देतो किंवा फार झोडपतो. छत्तिसावे स्तोत्र आणि एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र या वेळी आलटून पालटून वाचता येतात. जे दिसले त्यांपैकी एकच गोष्ट निवडावी, ती योहानाच्या पहिल्या पत्रातील पहिल्या अध्यायाच्या नवव्या वचनाप्रमाणे देवाजवळ कबूल करावी, आणि त्या गोष्टीत दुसऱ्या कोणाचे नुकसान झालेले असल्यास दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीकडे जाऊन ते कसे भरून द्यायचे, हे झोपण्यापूर्वी वहीत लिहून ठेवावे.